आयांकडून आयांसाठी

नायमेखनहून डेन बॉसकडे जाणारी आगगाडी मध्ये ऑस नावाच्या गावी थांबते. पीएचडीनंतर नोकरी लागल्यावर मी रोज ह्या गाडीने जायचे, पण ऑसला कधी उतरले नाही. सपाट गाव, कारखाने आणि स्टेशनाबाहेर सायकलींची गर्दी. उतरावं असं काही तिथे आहे हे ठाऊकच नव्हतं. ह्या गावाशी माझं नातं जुळलं ते मला दिवस राहिल्यावर, आणि तेही लघवीमुळे!

नाक मुरडू नका. गोष्ट खरंच ऐकण्यासारखी आहे.

इथे गरोदर बाई सहसा डॉक्टरकडे जात नाही, सुईणीकडे जाते. (हो, सुईणच. चार वर्षांचं रीतसर शिक्षण घेतलेली.) आमच्या सुईणबाईंनी पहिल्याच भेटीत एक पत्रक हातात ठेवलं. 'मूडर्स फोर मूडर्स', म्हणजे 'आयांनी आयांसाठी'. गरोदरपणाच्या साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत आपली लघवी बाटल्यांत साठवायची. दर आठवड्याला माणूस येऊन भरलेल्या बाटल्या नेतो, रिकाम्या ठेवतो. तिच्यातून एक हार्मोन वेगळं काढतात आणि ज्यांना मूल होत नाही अशा बायकांच्या उपचारासाठी वापरतात. पैसे मिळत नाहीत.

मी हो म्हटलं आणि घरी फोन केला. आई हादरलीच. "अगं, तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये म्हणतात, आणि तू दारात बाटल्यांची पेटी ठेवणार?" तिचंही चूक नव्हतं. आपल्याकडे जे महिने लपवायचे, नेमके त्याच महिन्यांत हे हार्मोन लघवीत सर्वांत जास्त असतं. त्यामुळे लपवणं आणि देणं ह्यांतलं एकच काहीतरी जमतं.

ह्या हार्मोनचं नाव ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, थोडक्यात एचसीजी. माझं काम मोजमापाच्या यंत्रांचं, जीवशास्त्र बारावीनंतर सुटलेलं. पण रोज बाटली भरायची तर का भरतोय ते कळायला हवं, म्हणून वाचत गेले.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो तास-दीड तासाने एक रासायनिक इशारा खाली पिट्युटरी ग्रंथीकडे पाठवतो. पिट्युटरी मग दोन प्रथिनं रक्तात सोडते. एफएसएच बीजांडाला वाढवतं, आणि ते पिकलं की एलएचची एक मोठी लाट येऊन त्याला मोकळं करते. बीजकोशातल्या पेशींवर ह्या एलएचसाठी एक रिसेप्टर असतो, कुलूपच म्हणा ना. एचसीजी येतं गर्भाकडून आणि वारेकडून, पण त्याची किल्ली ह्याच कुलपाला लागते. म्हणजे एका बाईच्या गर्भारपणातला निरोप दुसऱ्या बाईच्या शरीराला आपल्याच मेंदूचा निरोप वाटतो! सारा उपचार ह्या गैरसमजावर उभा आहे.

आता ऑसमध्येच हे का? तर खाटीकखान्यामुळे. साल फान झ्वानेनबर्ग ह्यांचा तिथे मांसाचा मोठा कारखाना होता. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिन सापडलं आणि कत्तल झालेल्या जनावरांच्या टाकाऊ ग्रंथींना एकदम मोल आलं. अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अर्न्स्ट लाकूर ह्यांना ग्रंथी हव्या होत्या, झ्वानेनबर्गांकडे त्या ढिगाने होत्या. १९२३ मध्ये 'ऑर्गनॉन' ही कंपनी निघाली आणि ऑसमध्ये इन्सुलिन बनू लागलं. पुढे १९३५ मध्ये लाकूर ह्यांच्या गटाने बैलांच्या शंभर किलो वृषणांतून जेमतेम दहा मिलिग्रॅम स्फटिक मिळवले आणि त्यांना 'टेस्टोस्टेरॉन' हे नाव दिलं.

त्याच सुमारास, १९२७-२८ मध्ये, बर्लिनच्या आशहाइम आणि झोंडेक ह्या दोघांना दिसलं की गरोदर बायकांची लघवी लहान उंदरीला टोचली तर तिचे बीजकोश जागे होतात. गरोदरपणाची पहिली भरवशाची चाचणी ह्यातून निघाली. ऑर्गनॉनने हा धागा उचलला. १९३१ पासून ऑसमध्ये गरोदर बायकांची लघवी गोळा होऊ लागली आणि १९३२ मध्ये 'प्रेग्निल' हे औषध त्या नावाने बाजारात आलं. (हे शोधणाऱ्यांचं पुढे काय झालं? झोंडेक ज्यू, त्यांना १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. लाकूरही ज्यू, नेदरलंड्स नाझींच्या ताब्यात गेल्यावर त्यांची प्राध्यापकी गेली.)

पण नुसतं एचसीजी पुरेना. बीजांड वाढलेलंच नसेल तर मोकळं काय करणार? ते वाढवायला एफएसएच हवं होतं, आणि ते इटलीतल्या मठांत मिळालं. पाळी गेलेल्या बाईचे बीजकोश उत्तर देत नाहीत, म्हणून तिची पिट्युटरी हाका मारतच राहते, आणि लघवीत एफएसएच भरपूर उतरतं. वयस्क जोगिणींचे मठ म्हणजे त्याचा उत्तम साठा. जन्मभर ब्रह्मचर्य पाळलेल्या बायकांच्या लघवीपासून औषध बनलं. आधी ते आणि मग एचसीजी, ह्या क्रमाने उपचार झालेल्या बाईला १९६२ मध्ये इस्रायलमध्ये पहिलं मूल झालं.

१९६२ हे साल वाचलं आणि मला माझी सांगलीची मावशी आठवली. तिचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं. तिला मूल झालं नाही. नरसोबाची वाडी झाली, तुळजापूर झालं, सोळा सोमवार झाले. आमच्या घरच्या प्रत्येक डोहाळजेवणाला पहाटेपासून स्वयंपाकघरात राबणारी मावशी ओटी भरायची वेळ आली की काहीतरी काम काढून परसात जायची. तिला कुणी 'जा' म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणायची गरजच पडत नसे. डॉक्टरही झाले, पण तपासण्या झाल्या त्या तिच्या. काकांची एकदाही झाली नाही. तिचा दोष होता की नव्हता, हे शेवटपर्यंत कुणाला कळलंच नाही, तरी तो तिचाच ठरला.

देशाची नजरही तेव्हा दुसरीकडे होती. १९५२ पासून आपला कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम चालू होता, म्हणजे प्रश्न होता तो जास्त मुलांचा. गंमत म्हणजे ह्याच एचसीजीवर भारतात मोठं काम झालं, पण उलट्या दिशेने. दिल्लीच्या डॉ. तलवारांनी ह्या हार्मोनविरुद्ध लस बनवली, गर्भ राहू नये म्हणून. १९९४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: ज्या बायकांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं होती, त्यांच्या १२२४ पाळीचक्रांत एकच गर्भधारणा. विज्ञान म्हणून हे काम मोलाचंच. पण मावशीसारख्यांचा प्रश्न कुठल्या योजनेत बसत नव्हता. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी तो हाती घेतला. बीजकोशांना हार्मोन देऊन त्यांनी बीजांडं मिळवली आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी 'दुर्गा' जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा उडवून लावला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार ह्यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली, ती देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून नोंदली गेली. पुढे मुखर्जींची कागदपत्रं वाचून 'पहिला मान त्यांचा' असं १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिलं ते ह्याच आनंदकुमारांनी. स्वतःच्या नावावरचा पहिला क्रमांक असा आपल्या हाताने दुसऱ्याला देणारी माणसं थोडी.

पुढची गंमत जनुकांची. एचसीजी आणि एलएच एकाच कुलपाची किल्ली, कारण एचसीजीचं जनुक म्हणजे एलएचच्या जनुकाची आपल्या वानर पूर्वजांमध्ये पडलेली नक्कल. नक्कल करताना एक अक्षर गळलं. त्यामुळे 'इथे थांबा' ही खूण वाचलीच गेली नाही आणि प्रथिनाला चोवीस अमिनो आम्लांची जास्तीची शेपटी आली. शर्करेच्या साखळ्या लागलेल्या ह्या शेपटीमुळे ते रक्तात टिकतं. एलएच तासाभरात निम्मं होतं, एचसीजीला एक दिवस तरी लागतो. ऑर्गनॉनने १९९६ मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींत बनवलेलं एफएसएच आणलं, आणि नंतर त्यालाच ही शेपटी जोडली. एकेकाळी जोगिणींकडून जे मिळत होतं त्याला गरोदर बायकांच्या हार्मोनची शेपटी! २०१० मध्ये युरोपात मंजुरी मिळालेल्या ह्या औषधाने रोजच्या सात सुयांच्या जागी एक सुई आली.

कंपनी मात्र टिकली नाही. २००७ मध्ये ती विकली गेली, २००९ मध्ये पुन्हा मालक बदलला, आणि २०१० मध्ये ऑसमधलं संशोधन बंद करण्याची घोषणा झाली. बाटल्या गोळा करणं तेवढं चालू राहिलं.

माझी शेवटची पेटी गेली त्या आठवड्यात मावशीला फोन केला. तोवर मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, तिला लागेल म्हणून. लपवण्याची सवय माझ्यातही होतीच. बाटल्यांचं सगळं ऐकून ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तू कुणाची तरी ओटी भरलीस म्हण की." आणि लगेच, मळमळ थांबली का, आवळासुपारी पाठवू का.

असो. कुणाची भरली ते मला कधी कळणार नाही, तिलाही माझं नाव कळणार नाही. हल्ली त्या गाडीने जाणं क्वचित होतं. पण ऑस आलं की मी खिडकीतून बघते, आणि मुलगी विचारते की इथे काय आहे. तिला अजून सगळं सांगितलेलं नाही. सांगणार मात्र आहे.