कोलकात्यातील चिनी समाज
पश्चिम बंगालच्या राजधानीतील एक अल्पसंख्य वांशिक समाज. भारतातील सर्वांत जुनी चिनी वसाहत याच परिसरात झाली. अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तोंग आच्यू या व्यापाऱ्याने वॉरन हेस्टिंग्जकडून बजबज नजीक हुगळीकाठी जमीन मिळवून चिनी मजुरांच्या साहाय्याने साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावास आचीपूर म्हणतात. त्याच्या मृत्यूनंतर कारखाना बंद पडला आणि मजूर कोलकात्यात स्थिरावले.

पुढे दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातून स्थलांतरितांची भर पडत गेली. मूळ प्रदेश व बोली यांनुसार त्यांचे व्यवसायही वाटले गेले : कँटनी लोक सुतारकामात, हक्का लोक चर्मोद्योगात, तर हूपे प्रांतातून आलेले लोक दंतवैद्यकात शिरले. उच्चवर्णीय हिंदू कातडी कमावण्याचे काम निषिद्ध मानीत. त्यामुळे मोकळा राहिलेला हा व्यवसाय हक्कांनी शहराच्या पूर्वेकडील टांग्राच्या दलदलीत वाढविला. बेंटिंक स्ट्रीटवरील त्यांची पादत्राणांची दुकानेही प्रसिद्ध होती. टिरेट्टा बाजार हे जुन्या वस्तीचे केंद्र होय. तेथील चिनी देवालयांना स्थानिक इंग्रजी प्रघातानुसार ‘चर्च’ म्हणतात. नवागतांस आसरा देणे, काम मिळवून देणे व मृतांचे अंत्यविधी करणे ही कार्येही या देवालयांशी निगडित संघ करीत.

१९६२ च्या भारत-चीन युद्धाने या समाजाचे स्थैर्य हरपले. त्या वर्षीच्या कायद्याने, ज्यांच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणीही एकेकाळी शत्रुराष्ट्राचा नागरिक होता, अशा भारतीय नागरिकांनाही परकीयांविषयीचे निर्बंध लागू करता येऊ लागले. म्हणजेच नागरिकत्वापेक्षा वंश निर्णायक ठरला. देशभरातील सुमारे ३,००० चिनी वंशीयांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांपैकी बहुसंख्य ईशान्य भारतातील होते. अखेरच्या स्थानबद्धांची सुटका १९६७ मध्ये झाली. कोलकात्यातील अनेकांना पोलिसांकडे नियमित हजेरी द्यावी लागे आणि परवानगीवाचून शहराबाहेर जाता येत नसे. परिणामी तरुण पिढी कॅनडा व इतर देशांत जाऊ लागली.

प्रदूषणाच्या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये टांग्राचे चर्मालय हलविण्याचा आदेश दिला. त्यामुळे अनेक कुटुंबे उपाहारगृहे व सॉसनिर्मिती यांकडे वळली. समाजाची संख्या फार घटली असली, तरी चिनी नववर्षाच्या सुमारास आचीपूर येथील आच्यूच्या समाधीस भेट देण्याची प्रथा टिकून आहे.