हात इथे, यंत्र तिथे

नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात पोहोचते, तोवर पाझर, बाष्पीभवन आणि वाटेतल्या फाट्यांनी आपापला वाटा उचललेला असतो. ‘टेल’च्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. तारेतून जाणाऱ्या संकेताचेही असेच होते.

बारामतीजवळच्या एका शाळेत आम्हाला याचा प्रत्यय आला. धुळीपासून जपण्यासाठी चार संगणक बंद खोलीत ठेवले होते. एकच कळफलक, पडदा आणि माउस आळीपाळीने चारही संगणकांना जोडणारा केव्हीएम स्विचही तेथेच होता. मुले मात्र ४० मीटरवरच्या सभागृहात बसत. आम्ही स्विचपासून तेथपर्यंत लांबलचक केबल ओढल्या. पडद्यावर अक्षरांना सावल्या पडल्या. माउस तर हललाच नाही, कारण साधी यूएसबी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची.

थोडे मागे जाऊया. ११ सप्टेंबर १९४० रोजी जॉर्ज स्टिबिट्झ यांनी अमेरिकेतील हॅनोव्हर येथून, टेलिप्रिंटरच्या साहाय्याने, सुमारे ३५० किलोमीटर दूर न्यूयॉर्कमधल्या गणनयंत्राकडून गणिते सोडवून घेतली. हे साधले, कारण तारेतून फक्त अक्षरांची ये-जा होती आणि तीही संथ. पुढे पडदा आला आणि हिशेब बदलला. १०२४ × ७६८ ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवायचे, तर सेकंदाला ४ कोटी ७१ लाखांहून अधिक ठिपके होतात. जाणारा आदेश ओंजळभर, येणारे चित्र मात्र पुरासारखे!

आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर होता. १९९०च्या दशकात उभारलेल्या या दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत विखुरल्या आहेत. अँटेना वळवण्याचा आदेश छोटा, तिच्याकडून येणारा संकेत अफाट. दोन्हींसाठी प्रकाशतंतू वापरले गेले, कारण तांब्याच्या तारेत उच्च वारंवारतेचा संकेत लवकर क्षीण होतो.

शाळेच्या ४० मीटरांना तांबे पुरते, पण संकेताचे रूप बदलावे लागते. एक्स्टेंडरची पहिली पेटी तो पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांवर उलटसुलट रूपात सोडते. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. दुसरी पेटी वजाबाकी करते आणि तो नाहीसा होतो. पीळ दिलेल्या जोडीचे पेटंट ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्येच, दूरध्वनीसाठी, घेतले होते.

आता जोडणीचा क्रम पाहू. संगणक, मग स्विच, मग पहिली पेटी, तारा, दुसरी पेटी आणि शेवटी पडदा, कळफलक, माउस. स्विच संगणकांजवळ ठेवला, की पेट्यांची एकच जोडी पुरते. तो सभागृहात नेला तर चार जोड्या लागतील. शाळेच्या तुटपुंज्या निधीत हा फरक मोठा. एक सावधगिरी हवी : पडदा स्वतःची क्षमता संगणकाला कळवत असतो. ती माहिती पेट्यांनी पोहोचवली नाही, तर पडदा काळाच राहू शकतो.

आम्ही हा क्रम पाळला आणि सभागृहात अक्षरे स्वच्छ उमटली. १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यासाठी वरचा हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.