मैफिलीच्या फितीची कुळकथा

फितीवर ऐकू येणारा गायक कोण, साथीला कोण आणि मैफल कोणत्या काळातील, हे केवळ कानांच्या आधारे ठरविण्याची विद्या आपल्या संगीतरसिकांनी स्वतःच्या गरजेतून घडविली. ध्वनिमुद्रणाच्या आरंभी तिची आवश्यकताच नव्हती. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास फ्रेडरिक गैसबर्ग यांनी गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा जेमतेम तीन मिनिटांच्या त्या गाण्याअखेरीस बाईंनी आपले नाव स्वमुखाने उच्चारले. मूळ मुद्रणे छपाईसाठी जर्मनीतील हानोव्हरला जात असल्यामुळे तेथील कारागिरांस गायक ओळखता यावा, असा या प्रघाताचा हेतू सांगितला जातो. पुढे तबकडीवर नावाची चिठ्ठी आणि कोरलेला क्रमांक असे, आणि नभोवाणीवर निवेदक नाव सांगे. गाण्याबरोबर त्याचा दाखलाही येत असे.

स्पूलवरील चुंबकीय फीत खाजगी मैफिलींत शिरली आणि हा दाखला गळला. बाराशे फुटांची फीत सेकंदाला साडेसात इंचांच्या वेगाने सुमारे 32 मिनिटे चाले; वेग निम्मा केल्यास अवधी दुप्पट होई. त्यामुळे तबकडीत न मावणारा संथ विस्तार प्रथमच जतन झाला. परंतु एका घरातून दुसऱ्या घरी नकलांच्या नकला जाताना डब्यावरील नोंद मागे राही, किंवा डबेच बदलत.

अशा बेवारस फितीच्या तपासाचा पहिला विषय म्हणजे वेग. ध्वनिमुद्रकाची गती मंदावली असेल, तर योग्य गतीने वाजविताना पट्टी चढते आणि प्रौढ गवई तरुण भासतो. म्हणून जाणकार विजेच्या प्रवाहाची पार्श्वभूमीवरील घरघर तपासतात, कारण आपल्याकडे तो प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनांचा असतो. त्यानंतर घराण्याची चाल, हार्मोनियमचा हात, तबल्याचा ठेका यांचा विचार होतो. कधी चीजच कालमर्यादा आखून देते: कुमार गंधर्वांनी गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त 1969 साली गांधी मल्हार रचला, तेव्हा तो राग असलेली मैफल त्याआधीची असणे शक्य नाही.

बिदर जिल्ह्यातील जनवाड्यासारख्या मराठी-कन्नड सीमेवरील गावच्या श्रोत्यास या कामी एक विशेष अधिकार लाभतो. गदगचे भीमसेन जोशी आणि धारवाडजवळच्या मन्सूरचे मल्लिकार्जुन मन्सूर हे कन्नड मातृभाषेचे गायक मराठी रसिकांनी आपले मानले. एकाने मराठी अभंग आणि कन्नड दासपदे गायिली, तर दुसऱ्याने ख्यालाबरोबर शिवशरणांची वचने. मैफिलीच्या उत्तरार्धात कोणते पद आले, गवई साथीदाराशी कोणत्या भाषेत बोलला, श्रोत्यांतून दाद कोणत्या बोलीत उठली, हे दोन्ही भाषा घरच्या असलेल्या माणसास सहज उमगते. पण येथेच संयमाची कसोटी लागते. पुण्यातही कन्नड पदे गायिली जात, म्हणून भाषा हे अनुमान ठरते, पुरावा नव्हे; कार्यक्रमाची पत्रिका, वृत्तपत्रातील वार्ता किंवा उपस्थिताची साक्ष यांपैकी एखादा आधार जुळल्याशिवाय गावाचे नाव कायम करू नये.

1990 साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने तबकड्यांच्या संग्राहकांस एकत्र आणून नोंदींना शिस्त लावली. घरोघरच्या फितींनाही तीच शिस्त हवी. प्रत्येक नोंदीत निश्चित काय, संभाव्य काय आणि कोणत्या आधारावर, हे निरनिराळे लिहिले गेले पाहिजे. कारण चुकीचे नाव एकदा दप्तरी दाखल झाले, की पुढील प्रत्येक नकलेबरोबर तेच प्रमाण मानले जाते आणि खऱ्या गायकाचे श्रेय कायमचे दुसऱ्याच्या खाती जमा होते. मोठ्या गवयाचा आवाज कोणीही ओळखील. परंतु तीन तास त्याचा ठेका सांभाळणाऱ्या तबलजीस आणि त्याच्यामागे तानपुरा छेडणाऱ्या शिष्यास त्यांचे नाव परत मिळवून देणे, हेच या विद्येचे सर्वांत मोठे कार्य आहे.