घरातला टीव्ही, बाजारातला शेअर

परभणीहून परळीकडे जाताना पोखर्णी नृसिंह हे स्थानक लागते. नृसिंहाच्या देवस्थानामुळे जिल्ह्याला ठाऊक असलेले हे गाव. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा अशा गावांतून रविवारी सकाळी एखाद्याच घरी टीव्ही असे आणि त्याच्यापुढे सारी आळी जमत असे. त्याच दशकात मराठवाड्यातल्या धूत कुटुंबाने जपानच्या तोशिबाचे तांत्रिक सहकार्य घेऊन ‘व्हिडिओकॉन’ हे नाव पुढे आणले. औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला कंपनीचा कारखाना होता. आपल्या भागातली कंपनी, घरात रोज चालणारी वस्तू. मग तिचा शेअर घ्यायला काय हरकत आहे, असे एखाद्या शिक्षकाला किंवा आडत्याला वाटले, तर त्यात नवल नव्हते. पण वस्तूवरचा विश्वास आणि शेअरवरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तू आज चालते की नाही, एवढेच गिऱ्हाईक पाहते. उद्या ती कोण घेईल आणि मिळालेला पैसा कोणाकडे जाईल, हे भागधारकाला पाहावे लागते.

पहिला प्रश्न तंत्राचा. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन येथले कारखाने हाती आले. टीव्ही असो वा संगणकाचा मॉनिटर, तेव्हा दोन्हींचा प्राण ही काचेची जड ट्यूबच होती. पण थॉमसन ती का सोडत होती? सपाट पडदे झपाट्याने स्वस्त होत होते. पुढच्या काही वर्षांतच जगाच्या बाजारात त्यांनी ट्यूबला मागे टाकले. इटलीतला अनाग्नीचा कारखाना पुढे दिवाळखोरीत गेला. संगणकाच्या धंद्यात हे आधीच घडून गेले होते. मजकूर लिहिण्याची यंत्रे करून मोठी झालेली अमेरिकेतली वँग लॅबोरेटरीज स्वस्त वैयक्तिक संगणकांपुढे टिकली नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

दुसरा प्रश्न कर्जाचा. व्हिडिओकॉन तेल, वायू, डीटीएच आणि मोबाइल सेवेतही उतरली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले. त्यांतले २१ व्हिडिओकॉनचे होते. मोझांबिकमधल्या वायुक्षेत्रातला १० टक्के वाटा सुमारे २४८ कोटी डॉलरना विकला गेला. २०१६ मध्ये सहा परिमंडळांतला स्पेक्ट्रम ४,४२८ कोटी रुपयांना एअरटेलला देण्याचा करार झाला. एवढी विक्री होऊनही कर्जाचा डोंगर हटला नाही. विश्वास उडतो तो अशा वेळी. एका वर्षाचा तोटा गुंतवणूकदार सोसतो; पण चांगली मालमत्ता विकूनही देणे फिटत नाही असे दिसले, की कंपनीत आपल्यासाठी काही उरेल ही आशा संपते.

ती आशा कायद्यानेही संपवली. जून २०१८ मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले. समूहातल्या १३ कंपन्यांवरचे मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटींचे होते. जून २०२१ मध्ये मंजूर झालेली बोली सुमारे २,९६२ कोटींची. धनकोंच्याच हाती रुपयामागे पाच पैसेसुद्धा येत नव्हते. देणी फेडताना भागधारकाचा क्रम सर्वांत शेवटी लागतो, म्हणून त्याच्या शेअरचे मोल शून्य ठरले आणि तो शेअर बाजाराच्या यादीतून काढण्याचे ठरले. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली खरी, पण देण्याचा आकडा त्यामुळे कमी झाला नाही.

मुंबईतल्या मोठ्या गुंतवणूकदाराला कर्जाचे आकडे वाचून वेळीच बाहेर पडण्याची सवय असते. गावाकडचा माणूस नावाच्या ओळखीवर थांबून राहतो. ती ओळख खोटी नव्हती. टीव्ही खरोखरच चालत होता. मात्र कंपनीच्या वार्षिक अहवालात नफ्याच्या आकड्याशेजारी व्याजाचाही आकडा छापलेला असतो. आपल्या मातीतल्या कंपनीचा शेअर घेतानाही आधी तोच पाहायला हवा.