रातच्या लाइनीचा हिशेब

वऱ्हाडातला शेतकरी हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच वावरात का जातो? कारण कोळशात आहे.

1960 मध्ये राज्य झालं, वीज मंडळही त्याच वर्षी. अकोला जिल्ह्यातलं पारसचं औष्णिक केंद्र साठच्या दशकातलं. कोळसा रेल्वेनं येतो, आज तिथं 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पुढं 1350 मेगावॅटचा खासगी प्रकल्प आला, तो अप्पर वर्धा धरणाच्या पाण्यावर. धरण ओलितासाठी होतं ना बाप्पा! आंदोलनं झाली, प्रकल्प झालाच.

कोळशाचा संच रोज बंद-चालू करता येत नाही. दिवसा अन् संध्याकाळी शहरं, कारखाने वीज ओढतात, रात्री मागणी पडते. मग ती उरलेली वीज कृषिपंपांना. साप, विंचू, रानडुकरं शेतकऱ्याच्या वाट्याला. 2005 मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, महावितरण आली. रातपाळी तशीच राहिली.

सूर्य हे गणित उलटं करतो. 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच पॅनेल लावून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. 2023 च्या दुसऱ्या टप्प्याचं उद्दिष्ट 16,000 मेगावॅट. कागदावर हे हवामानाचं वचन आहे. वावरात ती झोपेची गोष्ट आहे.

म्हणून योजना मला पटते. पण पॅनेलसाठी सरकारी जमीन म्हणजे आपल्याकडं बहुतेक ई-क्लास, गावाचं चराऊ रान. तेव्हा पाणी गेलं होतं. आता ग्रामसभेत जागेचा विषय आला, की गुरं कुठं चारायची हे आधी विचारा, मग हात वर करा.