रुळांपलीकडचा बाजार

भिलाईत भाजी घ्यायची तर मामी रुळांपलीकडं, सुपेल्याला जायची, तेही रविवारीच.

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. कारखान्याच्या वसाहतीत सेक्टरांसाठी आखीव बाजार होते. पण मामीचा जीव सुपेल्यात! तिथं खेड्यांतल्या बाया तिवऱ्याची कोवळी भाजी मांडून बसत. तिवरा म्हणजे आपली लाखोळी. नागपूरच्या मामीला ती बघताच माहेर आठवे. शेवग्याला तर नागपूर आणि छत्तीसगढ, दोन्हीकडं मुनगाच म्हणतात. ती वऱ्हाडीत भाव विचारी, बाई छत्तीसगढीत सांगे, आणि मूठभर भाजी वरून पिशवीत पडे. परतताना मला गरम चीला, हिरव्या टमाट्याच्या चटणीसोबत.