भारत स्काउट्स आणि गाईड्स

मुलामुलींच्या स्काउट-गाईड चळवळीची भारतातील शासनमान्य राष्ट्रीय संघटना. स्थापना ७ नोव्हेंबर १९५०. राष्ट्रीय मुख्यालय नवी दिल्ली. जुन्या मराठी लेखनात ‘बालवीर’ आणि ‘वीरबाला’ हे शब्द आढळतात. शाळेच्या मैदानावर मात्र स्काउट आणि गाईड हेच रूढ झाले. जगात बहुतेक ठिकाणी मुलांची व मुलींची संघटना वेगळी वाढली. भारतात दोन्ही एकाच छत्राखाली आहेत.

पूर्वपीठिका : बोअर युद्धात (१८९९–१९०२) मॅफेकिंगच्या वेढ्यात नाव मिळवलेले ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल (१८५७–१९४१) यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. त्यात खानदानी शाळांतली मुले होती आणि कामकरी वस्तीतलीही. १९०८ मध्ये त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक भागाभागाने निघाले, आणि ते वाचून मुलांनी आपापली पथके उभारली. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्याला मुलीही गणवेशात हजर झाल्या. त्यांच्यासाठी पुढल्या वर्षी गर्ल गाईड्स ही शाखा निघाली. तिची सूत्रे बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अ‍ॅग्नेस यांच्याकडे होती.

भारतात पहिले पथक १९०९ मध्ये बंगळूरला निघाले, गाईडांची पहिली कंपनी १९११ मध्ये जबलपूरला. दोन्ही युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींपुरती होती. भारतीय मुलांना स्काउट केले तर ती उद्या क्रांतिकारक होतील, अशी धास्ती सरकारी वर्तुळात होती. दार बंद राहिल्याने भारतीयांनी स्वतःची घरे बांधली. मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी काम सुरू केले. हे पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मद्रासला अ‍ॅनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने १९१६ मध्ये इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन काढली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांची सेवा समिती स्काउट संघटना उभी राहिली. मेळ्यातली गर्दी आवरणे, हरवलेली माणसे शोधून देणे, साथीत शुश्रूषा करणे ही सेवा समितीची कामे होती. भारतीय स्काउटिंगला सार्वजनिक सेवेचे वळण लागले ते इंग्लंडच्या पुस्तकापेक्षा या कामांतून अधिक, असे म्हणण्यास जागा आहे.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि एकीकरणाच्या वाटाघाटी झाल्या. बेझंट यांची संघटना बेडन-पॉवेल यांच्या मूळ संघटनेत सामील झाली, सेवा समिती बाहेर राहिली. अडले होते वचनापाशी. स्काउट होताना प्रत्येक मूल ईश्वराशी आणि राजाशी एकनिष्ठ राहण्याचे वचन देई, आणि ऐन असहकाराच्या काळात बारा वर्षांच्या मुलाकडून इंग्लंडच्या राजाच्या निष्ठेची शपथ घेववणे मालवीय-कुंझरूंना मान्य होणे शक्य नव्हते. १९३७ च्या भारतभेटीनंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्गारांनी संताप उसळला. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली आणि फूट रुंदावली. स्वातंत्र्यानंतर राजा गेला, तेव्हा भांडणाचे मूळच उरले नाही. शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये संघटना एक झाल्या. गर्ल गाईड्सची संघटना १५ ऑगस्ट १९५१ रोजी रीतसर आत आली. आजच्या वचनात ईश्वर आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काउट/गाईड नियमांचे पालन या तीन गोष्टी आहेत. ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. सलामीला जोडलेली तीन बोटे या तीन भागांची.

वयोगट व रचना : धाकट्या मुलांचे कब आणि मुलींच्या बुलबुल असे विभाग साधारण दहा वर्षांपर्यंत चालतात. पुढे सतरा-अठरापर्यंत स्काउट व गाईड, आणि मोठ्यांसाठी पंचविशीपर्यंत रोव्हर व रेंजर. कबांचे सारे खेळ किपलिंगच्या मोगलीभोवती रचलेले आहेत. त्यांच्या शिक्षकाला ‘अकेला’ म्हणतात. मोगलीचे रान म्हणजे नागपूर–जबलपूर वाटेवरचा शिवनी परिसर. ते इंग्लंडला पुस्तकातून गेले आणि खेळाच्या रूपाने परत आले, ही गंमत आमच्या शाळांतून क्वचितच कोणी सांगतो.

स्काउट पथकाचा प्राण म्हणजे संघ, सहा ते आठ मुलांचा गट. स्काउटांच्या संघांना पशुपक्ष्यांची, गाईडांच्या संघांना फुलांची नावे असतात. संघनायक मुलांतलाच असतो. संघनायकांची मानसभा पथकाचे निर्णय घेते आणि कोणी चुकले तर त्याचा विचारही करते. प्रौढ स्काउटमास्तर सल्ल्यापुरता. तेरा वर्षांच्या मुलावर सात जणांच्या भाकरीची आणि तंबूची जबाबदारी टाकायची, ही बेडन-पॉवेल यांची खरी नवलाई. गणवेश, शिट्टी, स्कार्फ यांचे अप्रूप त्यानंतरचे.

पायऱ्या आणि पदके : नवा सभासद आधी ‘प्रवेश’ पूर्ण करतो. त्यात वचन, नियम, सलामी, डाव्या हाताचे हस्तांदोलन, प्रार्थना, झेंडागीत येते. मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान. सोपानागणिक गाठी, प्रथमोपचार, मागोव्याच्या खुणा, होकायंत्र आणि नकाशा, काठ्या व दोर यांतून मनोरे-पूल बांधणे, उघड्यावरचा स्वयंपाक, मुक्कामी सहल यांची काठिण्यपातळी वाढत जाते. यापुढे राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. दोन्हींसाठी स्वतंत्र चाचणी शिबिरे होतात. रोव्हर-रेंजरांच्या पायऱ्यांना ‘प्रवीण’ आणि ‘निपुण’ अशी नावे आहेत. यांखेरीज स्वयंपाकी, सायकलस्वार, निसर्गनिरीक्षक अशी प्रावीण्य पदके असतात. ती कापडी असून गणवेशाच्या बाहीवर शिवतात.

मुळात पदक हे स्पर्धेतले बक्षीस नाही. दुसऱ्याला मागे टाकून ते मिळत नाही. ठरलेले काम करून दाखवले की मिळते, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्यालाही. पण महाराष्ट्रात राज्य आणि राष्ट्रपती पुरस्कारांना परीक्षेतल्या सवलतीच्या गुणांची आणि राष्ट्रपती पुरस्काराला रेल्वेतल्या स्काउट-गाईड कोट्यातील नोकरीचीही जोड मिळाली. त्याने सभासद टिकले हे खरे, आणि नोंदवह्या भरण्याची घाईही वाढली. गाठ दोरावर न मारता वहीत काढून दाखवणारा राज्य पुरस्काराचा उमेदवार ही शिबिरप्रमुखांची नेहमीची तक्रार आहे.

सामाजिक काम : रोज एक सत्कृत्य ही प्रत्येक स्काउटकडून अपेक्षा, आणि तिचा बोभाटा करायचा नाही हा संकेत. पथकाचे काम मोठे : यात्रांतली पाणपोई व वाट दाखवणे, वृक्षारोपण, लसीकरणाच्या प्रचारफेऱ्या, पूर-भूकंपाच्या वेळी मदतकार्य. रेल्वेचे झोन संघटनेत राज्यांच्या बरोबरीने स्वतंत्र घटक मानले जातात. म्हणून मध्य आणि पश्चिम रेल्वेचे स्काउट उन्हाळी गर्दीत फलाटांवर पाणी देताना दिसतात.

‘खरी कमाई’ हा उपक्रम वेगळा सांगायला हवा. मुलाने शेजारीपाजारी, दुकानात किंवा बागेत स्वतः राबून चार पैसे मिळवायचे आणि त्यांतला वाटा पथकाच्या निधीत घालायचा, अशी मूळ कल्पना. कोणतेही काम हलके नाही, हे मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला कळावे म्हणून. आता पुष्कळ शाळांत खरी कमाई म्हणजे खाद्यमेळा झाला आहे : आईने केलेली भेळ, बाबांनी मांडलेले टेबल, गल्ल्यावर तेवढे मूल. दिवस मजेत जातो, कमाई कोणाची हे विचारू नये.

या घसरणीचे कारण संघटनेच्या बांधणीत आहे. इंग्लंडमध्ये पथक चर्च, मोहल्ला, क्लब यांच्या आधाराने वाढले. भारतात १९५० नंतर ते जवळजवळ पूर्णपणे शाळेच्या आधाराने. शासकीय मान्यतेमुळे चळवळ जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोहोचली आणि सभासदसंख्येत जगातल्या मोठ्या संघटनांत गणली जाऊ लागली. पण स्काउटमास्तर हाच वर्गशिक्षक असल्याने संघनायकाचा अधिकार आक्रसला, मानसभा कागदावर राहिली. शनिवारच्या दोन तासिका संपल्या की पथकही संपते. जिथे निवृत्त स्काउटमास्तर किंवा जुने रोव्हर शाळेबाहेर खुली पथके चालवतात, तिथे चित्र निराळे असते. अशी पथके मोजकी आहेत.

प्रशिक्षण आणि केंद्रे : प्रौढ नेत्यांचे सर्वोच्च प्रशिक्षण म्हणजे हिमालय वुड बॅज. त्याची खूण गळ्यातले दोन लाकडी मणी. त्यांची परंपरा झुलू राजा दिनुझुलू याच्या माळेशी जोडतात. सातपुड्यातील पचमढी येथे १९५६ पासून राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. पहिली राष्ट्रीय जांबोरी (स्काउट-गाईडांचा मोठा मेळावा) १९५३ मध्ये हैदराबादला झाली. पुण्यात आळंदी रस्त्यावरचे ‘संगम’ हे गर्ल गाईड्सच्या जागतिक संघटनेचे केंद्र असून १६ ऑक्टोबर १९६६ रोजी बेडन-पॉवेल यांच्या पत्नी लेडी ओलेव्ह यांनी त्याचे उद्घाटन केले. स्वित्झर्लंड, मेक्सिको आणि इंग्लंड येथेही या संघटनेची अशी केंद्रे आहेत. ‘संगम’मध्ये निरनिराळ्या देशांतल्या गाईड काही आठवडे राहतात आणि पुण्यातल्या स्थानिक संस्थांबरोबर काम करतात.